स्वप्नात दिलेला शब्द

फॅन्टसी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून जादुई जगात खेळायचा व्हिडिओ गेम, अर्ध्यावर आला की एक प्रसंग हमखास येतो. पडद्याच्या कडा धुरकट होतात, संगीत पाण्याखालून आल्यासारखं वाजायला लागतं आणि आपण एकटेच उभे असतो. साथीदार नाहीत. तलवार, चिलखत, पुढच्या बॉससाठी, म्हणजे बड्या शत्रूसाठी, जपून ठेवलेल्या औषधांच्या बाटल्या, काहीच नाही. मग कुणीतरी भेटून सांगतं की बाबा रे, तू स्वप्नात आहेस. ते सांगायची गरज नसते, धुकं दिसल्या दिसल्या कळलेलं असतं. इथे बरेच खेळाडू कपाळाला हात लावतात आणि हा भाग गाळून पुढे जाता येतं का ते शोधायला लागतात.

मी गाळणाऱ्यांपैकी नाही. पण त्यांची तक्रार मला पटते, आणि तरीही स्वप्नातल्या लेव्हल्स, म्हणजे गेममधले असे टप्पे, असाव्यात असंच माझं मत आहे. फक्त माझी एक अट आहे, आणि ती फार थोडे गेम पाळतात. तिच्याकडे येतेच.

आधी तक्रार. वास्तववादी गोष्टीत भिंती वितळायला लागल्या, मेलेला माणूस समोर येऊन बोलू लागला, तर आपण दचकतो. फॅन्टसी गेममध्ये हे सगळं रोजचंच आहे. सकाळी ड्रॅगनशी गाठ पडते, दुपारी एखादं भूत आपली हरवलेली अंगठी शोधून द्यायची गळ घालतं. अशा जगात तरंगणारी बेटं आणि उलटे जिने दाखवून स्वप्नाने नवल ते काय करायचं? मुळातच सगळं अशक्य असलेल्या ठिकाणी आणखी थोडं अशक्य ओतलं की ते स्वप्न वाटत नाही, फक्त वेगळ्या रंगाचा मॅप वाटतो.

दुसरी तक्रार याहून खोलवरची आहे, आणि ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. स्वप्नात आपली इच्छा चालत नाही. धावायचं असतं आणि पाय उचलत नाहीत, ओरडायचं असतं आणि आवाज फुटत नाही. बरं, त्यात काही विचित्र आहे असंही तेव्हा वाटत नाही. ज्या झोपेत ठसठशीत स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदूचा तपासनीस, म्हणजे कपाळामागचा भाग, बराच मंदावलेला असतो, त्यामुळे शंका घ्यायला कुणी जागेवरच नसतं. रोल-प्लेइंग गेम याच्या बरोबर उलट टोकाला उभा आहे. तिथे सगळा कारभार इच्छेचा. कोणाला मारायचं, कोणाला सोडायचं, कुठलं कौशल्य वाढवायचं, प्रत्येक पायरीवर आपल्याला विचारलं जातं. शिवाय कंट्रोलर हातात घेऊन बसलेला माणूस टक्क जागा असतो. हिरो झोपला तरी खेळाडू झोपत नाही. त्यामुळे ज्या एका गोष्टीने स्वप्नाला स्वप्नपण येतं, ती गोष्ट खेळाडूपर्यंत पोचवायची कशी, हा प्रश्न बहुतेक गेमना सुटत नाही. मग ते धुकं सोडतात.

तरी ही लेव्हल पुन्हापुन्हा येते. त्यामागे व्यावहारिक कारणं असणारच. बनवून ठेवलेला वाडा निळ्या छटेत पुन्हा वापरता येतो, नकाशात कुठेही न बसणारी जागा उभी करता येते, आणि एखाद्या पात्राचा भूतकाळ त्याच्या तोंडून लांबलचक भाषण न वदवता दाखवता येतो. यातलं शेवटचं कारण मला मान्य आहे.

हा वाद निघाला की एक नाव येतंच: बायोवेअर या कंपनीचा 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स', २००९ सालचा. जादूगारांच्या मनोऱ्यात पिशाच्चं माजलेली असतात, आपण मजल्यामागून मजला साफ करत वर चढतो, आणि ऐन भरात आल्यावर आळसाचं पिशाच्च आपल्याला झोपवून टाकतं. त्या जगात स्वप्नांचा एक स्वतंत्र प्रदेशच आहे, त्याला फेड म्हणतात. डोळे उघडतात तेव्हा आपण एका किल्ल्यात असतो आणि समोर डंकन उभा असतो. डंकन म्हणजे आपल्याला योद्ध्यांच्या पंथात घेणारा गुरू, जो गोष्टीच्या सुरुवातीच्या लढाईतच मेला आहे. तो प्रसन्नपणे सांगतो की युद्ध संपलं, राक्षस नामशेष झाले, आता लढायचं काही उरलं नाही. त्यावर शंका काढली की तोच अंगावर धावून येतो. इथपर्यंत झकास आहे. आळसाच्या पिशाच्चाने लढवय्याला कशाची लालूच दाखवावी, तर काम संपल्याची. याहून नेमकी लालूच मला सुचत नाही.

पण पुढे कंटाळा सुरू होतो. बेटांचं एक वर्तुळ आणि त्यांतून जा-ये. एका बेटावर उंदराचं रूप मिळतं, ते भिंतीतल्या बिळांतून जायला. आत्म्याचं रूप मिळतं ते आत्म्यांच्या दारांतून जायला, जळत्या माणसाचं आगीतून जायला, दगडी गोलेमचं भक्कम दरवाजे फोडायला. बीळ दिसलं की उंदीर व्हायचं, पलीकडे गेलं की माणूस व्हायचं, दार दिसलं की गोलेम. हे रूप नसेल तर त्या बेटावर, तिथलं दार अडलं तर परत या बेटावर. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात, तसं. स्वप्नाचा तर्क कुणालाच कळत नाही, म्हणून तर ते स्वप्न. इथे प्रत्येक कुलपाला ठरलेली किल्ली आहे. फेडइतकी नियमाने चालणारी जागा त्या आख्ख्या गेममध्ये दुसरी नसेल.

खेळाडूंनी मग व्हायचं तेच केलं. हा भाग गाळणारा मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये करून घेतलेला बदल, निघाला आणि तुफान लोकप्रिय झाला. त्यातली गंमत अशी की फेडमध्ये फिरताना ताकद, चपळाई वगैरे गुण कायमचे वाढवून मिळतात, आणि मॉड ते गुण न विसरता पदरात टाकतो. स्वप्न नको, मजुरी तेवढी द्या. मला हा व्यवहार चुकीचा वाटत नाही. जिथे स्वप्नाकडून मजुरीच घ्यायची होती, तिथे लोकांनी रांग टाळली इतकंच.

मात्र त्याच फेडमध्ये साथीदारांची स्वप्नं आहेत, आणि ती मी कुठल्याही किमतीला गाळणार नाही. मनोऱ्यात ज्यांना सोबत घेऊन गेलो ते प्रत्येक जण आपापल्या स्वप्नात अडकलेले असतात. वृद्ध जादूगार विन आपल्या मेलेल्या शिष्यांच्या प्रेतांमध्ये उभी आहे. मॉरिगन या जादूगारणीसमोर तिची आई आहे, पण ती खोटी आहे हे तिला लगेच कळलंय आणि ती फक्त वैतागली आहे. स्टेन हा धिप्पाड, मोजकं बोलणारा योद्धा. तो आपल्या मेलेल्या सोबत्यांबरोबर बसलेला असतो. त्याला हे स्वप्न आहे हे माहीत असतं. माहीत असूनही तो उठत नाही.

आणि अ‍ॅलिस्टेअर. हा अनौरस, तबेल्यात वाढलेला, सतत विनोद करणारा पोरगा. कुठेतरी आपली एक बहीण आहे एवढंच त्याला माहीत आहे. त्याच्या स्वप्नात ती बहीण, गोल्डाना, सापडली आहे. घर आहे, पोरं बागडताहेत, बहीण मायेने त्याला जेवायला थांबवते आहे. तो आपल्यालाही आग्रह करतो, ये ना, बस ना. त्याला तिथून ओढून काढायचं काम आपलं. पुढे कधीतरी राजधानीत खरी गोल्डाना भेटते. कपडे धुऊन पोट भरणारी, परिस्थितीने कडवट झालेली बाई. ती त्याला तोंडावर सुनावते की तुझ्या जन्मापायी माझी आई गेली, आणि तू राजाचा मुलगा असशील तर त्याचा मला काय उपयोग. मनोरा आधी उरकलेला असेल तर त्या दारात उभं असताना स्वप्नातलं घर आपल्याला आठवत राहतं. त्या प्रसंगात गेम त्याचा उल्लेख करो न करो. अ‍ॅलिस्टेअरने नेमकं काय गमावलं ते जाग्या जगात आपल्याला कुणी सांगितलं नसतं. आपण ते त्याच्या स्वप्नात शिरून पाहिलेलं असतं.

आता माझी अट. लोककथेतल्या हरिश्चंद्राने स्वप्नात राज्य दान केलं. सकाळी विश्वामित्र दरबारात हजर झाले तेव्हा तो सहज म्हणू शकला असता की महाराज, ते स्वप्न होतं. तो तसं म्हणाला नाही, आणि तिथून पुढे राज्य, बायको, मुलगा, स्मशान ही सगळी परवड. गोष्ट उभी आहे ती त्या एका गोष्टीवर, की स्वप्नात दिलेला शब्द त्याने जागेपणी पाळला. तुकोबांच्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि त्यांनी कवित्वाचं काम सोपवलं. गेमच्या भाषेत ती क्वेस्टच होती, म्हणजे सोपवलेली कामगिरी, तुकोबा मला माफ करतील. ती स्वप्नात मिळाली आणि पुरी झाली जागेपणी. स्वप्नातल्या लेव्हलकडून मला एवढंच हवंय. तिथे जे घडलं त्याचं देणं जाग्या जगात कुणीतरी फेडलं पाहिजे. उठल्यावर सगळं होतं तसंच असेल तर मग खुशाल मॉड लावा.

या अटीवर 'ड्रॅगन एज २' (२०११) पहिल्यापेक्षा सरस ठरतो, जरी एरवी त्या गेमला लोकांनी पुष्कळ नावं ठेवली, आणि त्याच त्या गुहा पुन्हापुन्हा पाहून मीही ठेवली. तिथे फेन्रिएल नावाच्या मुलाच्या स्वप्नात जायचं असतं आणि सोबत साथीदार नेता येतात. पिशाच्चं आता आपल्याला सोडून साथीदारांशीच बोलायला लागतात. इझाबेलाला जहाज देऊ करतात. अ‍ॅव्हलिनसमोर तिचा मेलेला नवरा उभा करतात. ज्याला जादूचा आणि पिशाच्चांचा मनस्वी तिटकारा आहे त्या फेन्रिसला ताकद देऊ करतात, त्याच्या जुन्या धन्यांशी भिडण्यापुरती. आणि ही माणसं विकली जातात. आपल्यावरच शस्त्र उपसतात. स्वप्न असल्यामुळे त्यांना मारलं तरी ती मरत नाहीत, जागी होतात, आणि नंतर आपल्याला त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलावं लागतं. फेन्रिसच्या तोंडावरचा ओशाळेपणा हे त्या लेव्हलचं खरं फळ आहे. जाग्या जगात त्याने असं कधीच केलं नसतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, पण इथे ते दुसऱ्याने पाहिलेलं आहे, आणि पाहणारा उद्याही त्याच्या खांद्याला खांदा लावून लढणार आहे.

'स्कायरिम'मध्येही (२०११) असंच एक लहानसं प्रकरण आहे. डॉनस्टार गावात सगळ्यांना रोज एकच भयाण स्वप्न पडतं, आणि एरँडुर नावाचा पुजारी त्याचा बंदोबस्त करायला आपल्याला एका पडक्या मठात नेतो. मध्ये जादूची भिंत लागते. एक काढा पिऊन आपण भूतकाळात शिरतो, त्याच मठात, हल्ला चालू असताना, कॅसिमिर नावाच्या कुणा साधकाच्या शरीरात. धावत जाऊन सगळ्यांना झोपवणारी वाफ सोडतो, जागे होतो आणि बघतो तर भिंतीच्या पलीकडे. झोपेत शरीर सरकलं कसं, हे कुणी विचारू नये. पण कॅसिमिर म्हणजे हाच एरँडुर, आणि आपल्या लोकांना तसंच टाकून तो पळाला होता. शेवटी स्वप्नांची देवी व्हेरमिना आपल्या कानात सांगते, याला मार. त्या वेळी आपल्यासमोर उभा असतो तो असा माणूस, ज्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र आपण त्याच्या पायांनी धावलेलो आहोत. ही सबंध लेव्हल काही मिनिटांत संपते. लांबी कमी असणं हा स्वप्नाचा मोठा गुण आहे, फेडने तो घालवला.

जुन्या गेमना तर लेव्हलचीही गरज पडत नव्हती. १९९८ च्या 'बॉल्डर्स गेट'मध्ये प्रकरणांच्या अधूनमधून हिरोला स्वप्न पडतं. काही ओळींचा मजकूर, बस. पण आपण तोवर भले वागलो की बुरे, त्यावर स्वप्न ठरतं, आणि उठल्यावर त्याप्रमाणे शक्ती मिळते: चांगल्याला जखमा भरायची, वाइटाला दुसऱ्याचा जीव शोषायची. 'मॉरोविंड'मध्ये (२००२) झोपायचं बटण दाबलं की कधीकधी चौकटीत चार वाक्यं येतात, मुखवटा घातलेला कुणी उंच पुरुष आपल्याला ओळखीच्या माणसासारखं वागवतो, आणि सकाळ होते. मला त्या चौकटींची वाटली तेवढी धास्ती मोठमोठ्या स्वप्नमहालांची वाटलेली नाही. झोपेतही कुणाला आपला पत्ता माहीत आहे, एवढं कळलं की पुरतं.

साथीदार आणि सामान काढून घेण्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. 'ऑब्लिव्हियन'मध्ये (२००६) ब्रॅव्हिल गावातला एक जादूगार स्वतःला कसाला लावण्यासाठी स्वप्नात परीक्षा रचतो आणि त्यातच अडकतो. त्याला सोडवायला ताईत घालून त्याच्याच पलंगावर झोपायचं, आणि आत गेल्यावर अंगावर काहीही नाही. इतक्या तासांची कमाई दाराबाहेर. मला हे न्याय्य वाटतं. दुसऱ्याच्या स्वप्नात आपलं चिलखत कुठून येणार? शिवाय तिथे मेलात तर खरोखर मेलात. राग तेव्हा यावा जेव्हा सामान फक्त लेव्हल अवघड करायला काढून घेतलं जातं आणि त्यामागे गोष्टीतलं कारण नसतं.

एका गेमने मात्र साथीदार काढून घेऊन त्या जागी असं काही दिलं की मी ते विसरू शकत नाही. जपानी 'मदर २', बाहेरच्या जगात 'अर्थबाउंड', १९९४. नेस हा मुलगा मॅजिकंटमध्ये पोचतो, म्हणजे स्वतःच्याच मनात, तेही पायजम्यात. तिथल्या एका घरात फ्लाइंग मेन नावाचे पाच पक्षीमानव राहतात. ते म्हणजे नेसचं धैर्य. एका वेळी एक जण सोबत येतो, जिवाच्या आकांताने लढतो आणि बहुधा मरतो. मग आपण दुसऱ्याला न्यायला परत त्या घरी येतो, तर तिथे एक थडगं वाढलेलं असतं. पुढच्या वेळी आणखी एक. कुणी बोलून दाखवत नाही, गुण कापले जात नाहीत. आपण आपलं धैर्य कसं खर्च करतोय ते नुसतं दिसत राहतं, आणि शेवटच्या पक्ष्याला हाक मारायची की आता एकट्यानेच जायचं, हा विचार करत मी बराच वेळ त्या खोलीत थांबले होते. मॅजिकंट संपल्यावर नेसची ताकद प्रचंड वाढते. ती फुकट मिळाली असं वाटत नाही.

थडग्यांवरून आठवलं, 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्ये (२०१४) बायोवेअरने फेड पुन्हा आणला. या वेळी झोपून नाही, सदेह जावं लागतं. तिथे एका कोपऱ्यात दफनभूमी आहे आणि दगडांवर साथीदारांची नावं, प्रत्येकाखाली त्याची भीती. सोलाससाठी एकट्याने मरणं. व्हॅरिकसाठी आपल्या आईबापांसारखं होणं. ब्लॅकवॉलच्या दगडावर तो स्वतःच. या दगडांपाशी न थांबताही लेव्हल पुरी होते. थांबलात तर ब्लॅकवॉलची गोष्ट पुढे उलगडते तेव्हा तो दगड नीट वाचल्याचं समाधान मिळतं.

सबंध जगच कुणाचं तरी स्वप्न निघणं हा वेगळा मामला. 'ड्रॅगन क्वेस्ट ६'मध्ये (१९९५) हिरो जमिनीतल्या मोठ्या भगदाडातून खालच्या जगात पडतो आणि तिथे तो कुणालाच दिसत नाही. कितीतरी पुढे गेल्यावर कळतं की खालचं जग खरं आणि आपण जिथून निघालो तेच स्वप्न. 'फायनल फॅन्टसी १०'मध्ये (२००१) नायकच स्वप्नातला आहे, आणि ते स्वप्न पाहणारे पाहायचे थांबले की तो जाणार. इथे माझी अट आपोआप पाळली जाते, कारण देणं चुकवायला हिरोच्या स्वतःच्या असण्याशिवाय काही उरत नाही. तरी ही युक्ती एका गेमला एकदाच शोभते, आणि चुकीच्या हातात पडली की 'हे सगळं स्वप्न होतं' अशी पळवाट होते.

इच्छा न चालण्याचा तो सुरुवातीचा प्रश्न कुणी सोडवला असेल तर 'डिस्को एलिझियम'ने (२०१९). तो रूढ अर्थाने फॅन्टसी नाही, पण तिथलं जगही कल्पित आहे, म्हणून इथे घुसडते. शेवटाकडे त्यातल्या नायकाला, एका दारुड्या पोलीस डिटेक्टिव्हला, स्वप्न पडतं, त्यात त्याला सोडून गेलेली बाई येते, आणि संवादाचे पर्याय नेहमीसारखे खाली उभे राहतात. काहीही निवडा. ती जातेच. संपूर्ण गेमभर फासे टाकून माणसांना वळवायला शिकलेला खेळाडू तिथे एकेक वाक्य करून पाहतो आणि एकही लागू पडत नाही. पाय उचलत नाहीत त्या स्वप्नाची इतकी तंतोतंत नक्कल मी दुसरीकडे खेळलेली नाही. आणि त्यात धुकं सोडायची गरज पडलेली नाही.

ओरिजिन्सच्या त्या मनोऱ्यातही, खरं तर, एक देणं आहे. फेडमध्ये शिरल्यावर वाट दाखवायला नायल नावाचा एक जादूगार भेटतो. आपल्याआधी तो तिथे अडकलेला. उंदीर, आत्मा, गोलेम ही सगळी कसरत संपवून निघायची वेळ येते तेव्हा तो सांगतो की मी फार दिवस इथे राहिलो, माझं शरीर आता संपलंय. आपण जागे होतो. पुढच्या लढाईसाठी लागणारा मंत्राचा कागद त्याच खोलीत पडलेल्या त्याच्या प्रेताजवळ असतो, आणि तो आपल्यालाच उचलावा लागतो. सबंध बेटांच्या वर्तुळाऐवजी एवढंच ठेवलं असतं, म्हणजे डंकन, साथीदारांची घरं आणि नायल, तर मॉड कुणी बनवला नसता.

मी तो गेम पुन्हा लावते तेव्हा मनोऱ्यात सोबत कोण येणार हे लढाईच्या हिशेबाने ठरवत नाही. विन असली की जखमा भरतात, स्टेन असला की समोरचा मार तो झेलतो, हे सगळं खरं. पण ज्याचं स्वप्न पाहायचं राहिलंय त्याला आधी घेते. साथीदारांपैकी कुत्र्याला अजून नेलेलं नाही. त्याला तिथे काय दिसतं ते मी मुद्दाम कुठे वाचलेलं नाही, आणि यंदा चिलखत घातलेला तगडा गडी तळावर ठेवून त्यालाच वर नेणार आहे, मग तिसऱ्या मजल्यावर मार बसला तरी चालेल.